नवेगावच्या कातळावर दोर टाकण्याआधी

पूर्व विदर्भातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात डोंगर आहेत, दाट जंगल आहे, नवेगावबांध आणि इटियाडोहचं पाणी आहे. हे पाहून प्रस्तरारोहणाच्या सहलीचा बेत सुचणं साहजिक आहे. पण असे बेत ज्या समजुतींवर आखले जातात, त्यांतल्या काही जिवावर बेतणाऱ्या आहेत.

सर्वांत मोठी समजूत अशी, की उद्यानाचं तिकीट काढलं की आतला कातळ आपला. अमेरिकेतल्या अनेक स्टेट पार्कांत नियम पाळून चढाई करता येते, म्हणून इथेही तसंच असेल असं वाटतं. नवेगाव मात्र 1975 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आत जायला परवानगी लागते. पर्यटनासाठी ती मिळते, पण ठरलेल्या रस्त्याने, वाहनातून फिरण्यापुरतीच. गाडीतून उतरून कड्याकडे जाणं तिच्यात बसत नाही, मग कातळाला भोक पाडून बोल्ट ठोकणं दूरच. या बंदीमागे ठोस कारण आहे. आपल्याला पकड म्हणून दिसणारी कपार ही कुणाची तरी वस्ती असते. अस्वलं दिवसा खडकांच्या घळीत विसावतात, बिबट्याची मादी तिथेच पिल्लं ठेवते, घुबडं आणि शिकारी पक्षी कड्यावर अंडी घालतात. वर चढणाऱ्या माणसामुळे बुजलेली मादी पिल्लांपासून दूर राहते. पिल्लांपाशी सापडलेली अस्वलीण तर सरळ अंगावर येते.

उद्यानाच्या हद्दीबाहेरचा डोंगर मोकळा असतो, हेही खरं नाही. तो राखीव वन असू शकतो किंवा 2006 च्या वनहक्क कायद्याखाली एखाद्या गावाचं सामूहिक वनक्षेत्र. म्हणून आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारावं, मग ग्रामसभेला. तालुक्यातला प्रतापगड (साताऱ्याचा नव्हे) महादेवाच्या देवस्थानाचा आणि दर्ग्याचा डोंगर आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. भाविकांच्या वाटेवर दगड निसटेल अशी चढाई तिथे करूच नये. तो डोंगर पायी चढावा, तेवढ्यानेही मन भरतं.

सह्याद्रीत चढलेल्यांना वाटतं, कातळ इथूनतिथून सारखाच. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, थरांवर थर असलेला. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात मात्र त्याहून कितीतरी जुने ग्रॅनाइट आणि नाइस खडक आढळतात. त्यांच्या भेगा वेगळ्या, घर्षण वेगळं. तिकडचा अंदाज इकडे जसाच्या तसा चालत नाही.

दोराबद्दलचा गैरसमज तर फार महागात पडतो. जाड आणि मजबूत दोर म्हणजे सुरक्षित दोर, असं नाही. पुढे चढणारा पडला की त्याचा झटका ताणून सोसणारा डायनॅमिक दोरच हवा. फारसा न ताणणाऱ्या स्टॅटिक दोरावर तेच पडणं कंबर आणि कणा मोडू शकतं. हेल्मेट खाली उभं राहून दोर सांभाळणाऱ्यालाही (बिले देणाऱ्यालाही) हवंच, कारण दगड त्याच्याच डोक्यावर येतो.

आग्या मोहोळाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. धूर करून माश्या पळवता येतात, असं ऐकलेलं असतं. उलट धुराने आणि गोंगाटाने त्या चवताळू शकतात. जमिनीवरचा माणूस निदान तोंड झाकून पळेल, दोरावर लटकलेल्याला पळायला जागा नसते. म्हणून पोळं दिसलं तर तो कडा सोडून द्यावा. नांगी रुतलीच तर ती चिमटीत धरू की नखाने ओरखडून काढू, या वादात वेळ घालवू नये. विष आत उतरत असतं, लवकर काढणं महत्त्वाचं.

मग इथे येऊन करायचं काय? चढाई शिकायची तर प्रशिक्षकांच्या हाताखाली, परवानगी असलेल्या कड्यांवर शिकावी. महाराष्ट्र सरकारच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी केलेला आयोजक आहे का, हे विचारायला संकोच नको. अर्जुनीला यावं ते जंगल, तलाव आणि पक्षी पाहायला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, मे महिन्यात कातळ भाजून काढतो आणि पावसाळ्यात उद्यानातलं पर्यटन बंद असतं. गोंदिया-बल्लारशा मार्गावर अर्जुनी स्टेशन आहे, तिथून पुढच्या वाहनाची सोय आधीच करून ठेवावी.