दाखल नोंदवहीतले ऋण

दिघी हे पिंपरी-चिंचवडच्या पूर्व कडेचे गाव पुणे-आळंदी रस्त्यावर वसले असून, त्याच रस्त्याने पुण्याकडे येताना कळस आणि विश्रांतवाडी मागे पडली की येरवड्यात डेक्कन कॉलेजचा झाडीने भरलेला परिसर लागतो. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला याच वाटेने येते. दिघी-भोसरीच्या लेथ मशिनींचा आणि डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयातील खापरांचा वरवर पाहता काही संबंध दिसत नाही; परंतु ज्या वस्तूंवर आपले काम उभे आहे त्यांचे आणि त्या मिळवून देणाऱ्यांचे ऋण कसे मानावे, हा प्रश्न दोन्हीकडे आहे आणि त्याची दोन वेगळी उत्तरे या एकाच रस्त्यावर सापडतात.

अमेरिकेत आभार मानण्यासाठी राष्ट्रीय सुट्टीचा दिवसच नेमलेला आहे. अब्राहम लिंकन यांनी 1863 मध्ये त्याची घोषणा केली आणि 1941 च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार त्यासाठी कायम झाला. हाती आलेल्या पिकाबद्दल ईश्वराचे आभार हे त्या सणाचे मूळ रूप होय. महाराष्ट्रात आश्विन शुद्ध नवमीला, म्हणजे खंडेनवमीला, शस्त्रांची व हत्यारांची पूजा होते. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत त्या दिवशी यंत्रे पुसून, तेलपाणी करून त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातात. पाने-पकडीही हळद-कुंकवाला चुकत नाहीत. येथे नमस्कार पिकाला नसून पीक काढणाऱ्या साधनाला असतो, आणि हा फरक लहान नाही.

डेक्कन कॉलेजचा इतिहास दुसऱ्यांच्या दानावर उभा आहे. श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावच्या सेनापती दाभाड्यांनी चालवली आणि 1731 मध्ये डभोईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यानंतर ती पेशव्यांनी पुण्यात पुढे नेली. पेशवाई गेल्यावर या दक्षिणेच्या निधीचा काही भाग माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार शिक्षणाकडे वळवण्यात आला आणि 6 ऑक्टोबर 1821 रोजी विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज, म्हणजे संस्कृत पाठशाळा, सुरू झाली. तिचे 1851 मध्ये पूना कॉलेज झाले आणि 1868 मध्ये ती येरवड्याच्या गॉथिक धाटणीच्या दगडी इमारतीत गेली. या इमारतीच्या खर्चाचा मोठा वाटा जमशेटजी जीजीभॉय घराण्याच्या देणगीतून आला. टिळक, आगरकर, चिपळूणकर, रा. गो. भांडारकर अशा माणसांची नावे ज्या संस्थेशी जोडलेली आहेत, ती संस्था सरकारने 1934 मध्ये बंद केली. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयापर्यंत झुंज दिली आणि 1939 मध्ये ती पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडली. आपल्या शाळेचे ऋण फेडण्याचा याहून खटपटीचा मार्ग सहसा कोणी पत्करत नाही, आणि समारंभाच्या भाषणांपेक्षा तो अधिक उपयोगी ठरला हेही खरे. पुढे 1990 मध्ये संस्थेला अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतः पदव्या देण्याचा अधिकार असलेल्या संस्थेचा, दर्जा मिळाला.

आज तिथे वस्तूंचे मुख्यतः दोन संग्रह आहेत. मराठा इतिहास संग्रहालयाचा पाया साताऱ्याच्या रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी जमवलेल्या कागदपत्रांनी व चित्रांनी घातला; हा संग्रह 1939 च्या सुमारास पुण्यात आला. दुसरा संग्रह पुरातत्त्वाचा असून तो हसमुख सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या उत्खननांतून वाढला. नेवासे, जोर्वे, नर्मदाकाठचे नावडातोली अशी स्थळे त्यात येतात. पण शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगावाचा मान मोठा. तेथे 1968 पासून दीड दशक खोदकाम चालले आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे दगडाबरोबर तांबेही वापरणाऱ्या, शेतकऱ्यांची घरे, धान्य व दफने हाती लागली. तिथल्या बऱ्याच दफनांत मृतांची पावले तोडलेली होती. मात्र चार पायांच्या एका मातीच्या रांजणात पाय दुमडून बसवलेल्या पुरुषाची पावले शाबूत होती, आणि त्यावरून त्याच्या सामाजिक स्थानाविषयी अभ्यासकांनी बरेच तर्क केले.

या वस्तू संग्रहात येण्याची रीत मात्र नीरस वाटावी इतकी नेमकी असते. खणलेले खापर धुतले जाते, वाळवले जाते आणि त्याच्यावर शाईने स्थळाचे संक्षिप्त नाव, खणाचा क्रमांक व थर लिहिला जातो. थर म्हणजे जमिनीत एकावर एक साचलेल्या मातीचा विशिष्ट पदर, ज्यावरून खापराचा काळ ठरतो. ही अक्षरे पुसली गेली की खापर केवळ फुटके भांडे उरते. नंतर वस्तूची दाखल नोंदवहीत नोंद होते, आणि त्या नोंदीत वस्तू कोठून, केव्हा, कोणाकडून आली याचा रकाना असतो. संग्रहालयापुरते ऋण मानणे प्रथम या रकान्यात घडते, कारण दात्याचे नाव तिथे लिहिले नाही तर नंतर कितीही हारतुरे झाले तरी ते भरून निघत नाही.

तरीही हा रकाना पुरेसा नाही, असे म्हणावे लागते. त्यात पारसनीस येतात, राजघराणी येतात, उत्खनन-संचालकही येतो. पण कुदळीच्या एका घावानंतर थांबून, खुरपीने माती सरकवून रांजणाचा काठ अलगद मोकळा करणारी गावकरी बाई येत नाही. अहवालाच्या ऋणनिर्देशात ती 'स्थानिक मजूर' या दोन शब्दांत मावते. खापरे धुणारे, कपाटांना कीड लागू न देणारे, जुन्या कागदांना पावसाळ्यात वारा देणारे कर्मचारीही याच ओळीत बसतात. संस्थेतील संस्कृत महाकोशाचे काम याबाबत बोलके आहे: सुमित्र मंगेश कत्रे यांनी 1948 मध्ये आरंभलेल्या या कोशासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या हाताने लिहून काढण्यात आल्या, आणि पहिला खंड निघायला 1976 साल उजाडले. मुखपृष्ठावर संपादकांची नावे आहेत. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांचे हात केवळ अक्षरांच्या वळणावरून ओळखता येतील.

या जागी खंडेनवमीची रीत नोंदवहीला पूरक ठरते, कारण ती नाव विचारत नाही. दसरा येतो तेव्हा पाऊस सरलेला असतो. मराठे पूर्वी याच सुमारास मोहिमेसाठी सीमोल्लंघन करीत आणि पुरातत्त्वज्ञांचा खोदकामाचा हंगामही त्यानंतरच सुरू होतो. कुदळ, फावडे, खुरपी, कुंचला, चाळणी ही त्यांची हत्यारे लेथ मशिनीपेक्षा स्वस्त असली तरी त्यांच्यावाचून एकही खापर नोंदवहीपर्यंत पोहोचत नाही. हत्याराला लावलेले कुंकू ते धरणाऱ्याच्या हातालाही लागते. आणि ज्या मजुराचे नाव कोठेही लिहिले गेले नाही त्याचा उल्लेख निदान इतपत होतो, हे मानायला हरकत नाही, जरी हजेरीपट जपून ठेवणे आणि ती नावे अहवालाच्या परिशिष्टात छापणे हे काम त्याहून सोपे व अधिक टिकाऊ असले, तरी.