पस्तीस फेऱ्यांचं टायर

आमच्या शनिवार पेठेतल्या घरात पुस्तकांच्या फळीवर लाल कापडी बांधणीच्या खतावण्या उभ्या आहेत. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या. त्यांत जमाखर्च नाही, टायर आहेत. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत कोणत्या गाडीने कितव्या फेरीला टायर बदलले आणि त्याआधीच्या पाच फेऱ्यांना किती वेळ लागला, हे मी दर रविवारी टीव्हीसमोर बसून लिहितो. शर्यतीआधीचा अंदाज पेन्सिलीने, झालेलं शाईने.

हा नाद लागला १९ जून २००५ ला. नारायण कार्तिकेयन त्या वर्षी जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला होता, असा पहिलाच भारतीय. इंडियानापोलिसला शुक्रवारच्या सरावात तेराव्या, तिरक्या उताराच्या वळणावर राल्फ शूमाकरच्या गाडीचं मिशेलिन टायर फुटलं. रविवारी फॉर्मेशन लॅप, म्हणजे शर्यतीआधीची संथ फेरी, संपली, मिशेलिनवाल्या १४ गाड्या सरळ पिटमध्ये वळल्या आणि रेषेवर सहाच उरल्या, सगळ्या ब्रिजस्टोनच्या. नारायण चौथा आला. फॉर्म्युला वनमधले भारतीयाचे पहिले पाच गुण! आम्ही घरात आरडाओरडा केला. रात्री मात्र झोप लागेना. मिशेलिनसारख्या कंपनीला हे आधी कसं कळलं नाही? पुढे वाचत गेलो तसं उलगडलं. तिथला पृष्ठभाग नव्याने घासून खरखरीत केला होता, आणि त्या हंगामात शर्यतीच्या मध्ये टायर बदलायला बंदी होती. ब्रिजस्टोनच्याच घरातल्या फायरस्टोनची टायरं मे महिन्यात इंडी ५०० या शर्यतीत तिथेच धावून गेली होती. ज्यांच्याजवळ त्या रस्त्याचे आकडे होते, त्यांची टायरं टिकली.

टायर या विषयाचा इतिहास सांगायचा रिवाज आहे, तो थोडक्यात उरकतो. २००७ ते २०१० ब्रिजस्टोन एकटीच पुरवठादार होती, २०११ पासून पिरेली आहे. रबर मऊ असेल तर पकड जास्त आणि आयुष्य कमी, कडक असेल तर उलट. २०२२ पासून चाक १३ इंचांवरून १८ इंचांचं झालं.

आता माझ्या आवडीच्या शर्यतीकडे येतो. २७ ऑक्टोबर २०१३, ग्रेटर नोएडा, बुद्ध सर्किट. ५.१२५ किलोमीटरची एक फेरी, अशा साठ. शुक्रवारच्या सरावात मऊ टायरांना फोड येऊ लागले. रबर आतून इतकं तापतं की पृष्ठभागाखाली बुडबुडे धरतात आणि वरचा थर उडतो. आपल्याकडे खड्ड्यात आपटून टायरला बाजूने फुगा येतो, तो हा नव्हे. तिथे आतले धागे तुटलेले असतात. पिरेलीने संघांना कळवलं: सॉफ्ट, म्हणजे मऊ टायर, जास्तीत जास्त १५ फेऱ्या चालवा, त्याहून कडक मीडियम ३५. नियम नव्हता, शिफारस होती. त्याच वर्षी सिल्व्हरस्टोनला एकाच शर्यतीत चार गाड्यांची टायरं फाटली होती, त्यामुळे कंपनी धास्तावलेली होती.

मी तिथे प्रेक्षकांत होतो. दहाव्या-अकराव्या वळणांच्या जोडीजवळ बसलो होतो. उजवीकडचं हे वळण लांबच लांब चालतं आणि सगळा भार डाव्या पुढच्या टायरवर येतो. गाड्या समोरून जाताना तो भार नुसत्या आवाजातही कळे. असलं काही टीव्हीवर कधीच ऐकू येत नाही.

सेबास्टियन फेटेल पहिल्या जागेवरून सॉफ्टवर सुटला आणि दुसऱ्याच फेरीला आत येऊन मीडियम लावून गेला. एकतिसाव्या फेरीला पुन्हा बदलले. दोन अधिक एकोणतीस अधिक एकोणतीस. दोन्ही मीडियम ३५ च्या आत, आणि शर्यतीसोबत चौथं विश्वविजेतेपदही खिशात. पण माझी नजर लोटसच्या दोन गाड्यांवर खिळली होती. सतराव्या जागेवरून निघालेल्या रोमां ग्रोझाँने तेराव्या फेरीला मीडियम लावले आणि शेवटपर्यंत काढले नाहीत. ४७ फेऱ्या! तिसरा आला. त्याच संघातला किमी रायकोनेन सातव्या फेरीला मीडियम लावून तेच करायला गेला. शेवटी टायर इतकं संपलं की अखेरच्या फेऱ्यांत त्याला आत यावं लागलं आणि तो सातवा आला. नव्या टायरवर लगेच त्याने दिवसातली सगळ्यांत वेगवान फेरी काढली, १ मिनिट २७.६७९ सेकंदांची. गाडी तीच, टायर तेच, कंपनीने सांगितलेला आकडाही तोच. शिफारस अशी ओलांडलेली पिरेलीला अजिबात रुचली नाही, आणि तिने तसं जाहीरही केलं.

मग ३५ चूक होतं का? पुण्याला परतताना गाडीत मी हेच मांडत बसलो होतो. माझं मत ठाम आहे: आकडा चुकला नव्हता, आपण तो चुकीचा वाचला. त्या काळी शुक्रवारी सरावाला दोन वेळा दीड-दीड तास मिळायचा. त्यात एका संचावर सलग ४७ फेऱ्या कोण मारणार? टायर मरायच्या आधीच काढून ठेवतात, त्यामुळे मरणाच्या जवळची आकडेवारी जमतच नाही. पुढचा सगळा भाग ओढून लांबवलेल्या रेषेवरचा असतो. आणि टायर सरळ रेषेत झिजत नाही. बराच काळ थोडंथोडं मंदावतं आणि मग एका फेरीत कड्यावरून खाली पडतं.

त्यात इंधनाची गफलत. दहा किलो इंधन कमी झालं की एका फेरीत साधारण तीन दशांश सेकंद वाचतात. त्या काळात गाडी फेरीला अडीच किलोच्या आसपास जाळत होती, म्हणजे नुसत्या हलकेपणाने दर फेरीला पाऊण दशांशाच्या आसपास वेळ वाचायचा. टायर दर फेरीला एक दशांश मंदावत असेल तरी घड्याळात जेमतेम पाव दशांशच दिसतो. पुढच्या गाडीची गरम, घुसळलेली हवा, अंतर राखायला चालकाने उचललेला पाय, ढग आल्यावर थंड झालेला रस्ता, हे सगळं त्यात मिसळतं. खतावणीतला वेळ म्हणजे या सगळ्यांची बेरीज. त्यातून टायर वेगळं काढणं फार कष्टाचं काम आहे, आणि ते करणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

आमच्याकडे नदीकाठच्या रस्त्यावर पंक्चर काढणारे एक काका आहेत. त्यांना मी एकदा शर्यतीच्या टायरचा फोटो दाखवला. ते म्हणाले, "हे तर नवं असतानाच गोटा आहे." अगदी खरं. कोरड्या रस्त्यासाठी नक्षी नको, जितकं रबर टेकेल तितकी पकड. मग झिजलं कसं ओळखायचं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पृष्ठभागावर बारीक भोकं असतात, त्यांची खोली मोजतात. काकांनी फोटो मोठा करून ती भोकं शोधली आणि मगच मोबाईल परत दिला.

अंदाज चुकला की पुणेकर हवामान खात्यावर तोंडसुख घेतात, ते मला पटत नाही. मान्सूनचा पहिला अंदाज एप्रिलमध्ये सांगताना खातं दीर्घकालीन सरासरीची टक्केवारी देतं आणि सोबत स्पष्ट म्हणतं, अधिक-उणे पाच टक्के. मला टायरच्या अंदाजांत हेच हवं आहे. टीव्हीवर अ‍ॅमेझॉनच्या गणितातून चाकाभोवती उरलेल्या टायरचे टक्के झळकू लागले तेव्हा मला आधी आनंद झाला. मग लक्षात आलं, बाजूला अधिक-उणे काहीच नाही. खुद्द पिरेलीनेच, ही माहिती आमची नाही आणि चित्र दिशाभूल करू शकतं, असं सांगितलं. संघ टायरच्या तापमानाचे आणि दाबाचे आकडे जाहीर करत नाहीत, मग बाहेरच्याने टायरमध्ये किती टक्के उरलं ते कशावरून काढायचं?

२०२३ मध्ये कतारला वेगळंच घडलं. कर्बवर, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या उंच पट्टीवर, आपटून टायरच्या बाजूला, वरच्या रबराचा आणि आतल्या धाग्यांचा सांधा सुटू लागल्याचं सरावानंतर तपासणीत दिसलं. एका संचावर १८ फेऱ्यांची मर्यादा घातली गेली, आणि ती बंधनकारक. २०२५ मध्येही तिथे २५ ची होती. कुणाला ग्रोझाँ होता आलं नाही, रायकोनेनही नाही. बाजूला सुटणारे धागे पाहिल्यावर बंधन योग्यच होतं, हे मी मान्य करतो. तरी त्या दोन्ही रात्री मी पेन्सिल उचलली, आणि लिहिण्यासारखं काही नसल्याने खाली ठेवली.

२०१३ नंतर भारतात फॉर्म्युला वन आली नाही. त्या खतावणीच्या पानावर ३५ पेन्सिलीने आहे, ४७ शाईने, आणि रायकोनेनच्या ओळीत मी अजून एक आकडा खोडून पुन्हा लिहितो: त्याचं टायर नेमकं कितव्या फेरीला कड्यावरून पडलं, तो.