वृद्धापकाळातील मेंदूचे कॅल्सीभवन आणि स्मृतिभ्रंश

प्रस्तावना : वाढत्या वयात मेंदूच्या काही भागांत कॅल्शियमचे क्षार साचतात. या प्रक्रियेस कॅल्सीभवन असे म्हणतात. सीटी स्कॅनच्या अहवालात तिचा उल्लेख आढळताच कुटुंबीय स्मृतिभ्रंशाचे अनुमान काढतात. या अनुमानाची शास्त्रीय चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन : पिनियल ग्रंथीतील कॅल्सीभवन निरोगी प्रौढांमध्येही सर्रास आढळते. बेसल गँग्लिया या खोलवरील भागातील लहान ठिपकेही वृद्धांमध्ये बहुधा लक्षणांविना असतात. अल्झायमर रोगात साचणारी द्रव्ये वेगळी असून ती अमायलॉइड व टाऊ ही प्रथिने होत.

तथापि, काही रुग्णांत हे साठे विस्तृत असतात आणि त्यांच्यासोबत हालचालींतील दोष, मनोविकार व बौद्धिक ऱ्हास दिसून येतो. यातील आनुवंशिक प्रकाराशी निगडित असलेले, फॉस्फेटचे वहन करणारे एक जनुक २०१२ मध्ये उजेडात आले.

दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींची न्यूनता होय. तीत रक्तातील कॅल्शियम घटते, फॉस्फरस वाढतो आणि तरीही मेंदूत कॅल्शियम साचते. साध्या रक्ततपासणीतून या विकाराचा सुगावा लागतो. कॅल्शियम व ड जीवनसत्त्व हाच त्यावरील प्रमुख उपचार आहे.

निष्कर्ष : मेंदूतील कॅल्शियमचे ठिपके म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. अहवालाच्या धास्तीने दूध किंवा कॅल्शियमच्या गोळ्या परस्पर बंद करणे घातक ठरू शकते. विस्मरण वाढत असल्यास ते वयावर न ढकलता रक्ततपासणीसह वैद्यकीय सल्ला घेणे अगत्याचे आहे.