ॲलर्जीचा कोर्स सुरू करताय? आधी हे तपासा
स्किन टेस्टमध्ये धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी निघाली, म्हणून लगेच इम्युनोथेरपी सुरू करायची? जरा थांबा. त्या टेस्टमध्ये माइटचा अख्खा अर्क वापरतात. त्यात बरीच प्रोटीन्स असतात. मॉलिक्युलर टेस्ट थोड्याशा रक्तातून एकेक प्रोटीन वेगळं तपासते.

‘डेर पी १’, ‘डेर पी २’ किंवा ‘डेर पी २३’ पॉझिटिव्ह आलं, तर ॲलर्जी बहुधा माइट्सचीच. थेरपीचा फायदा होण्याची शक्यता चांगली. पण फक्त ‘डेर पी १०’ आलं तर? तसंच प्रोटीन कोळंबी-खेकड्यातही असतं, त्यामुळे मूळ ॲलर्जी त्यांची असू शकते. मग माइटच्या डोसचा उपयोग होण्याची शक्यता कमी.

हा कोर्स साधारण ३ ते ५ वर्षं चालतो. म्हणून आधीच डॉक्टरांना विचारा: रिपोर्ट माझ्या लक्षणांशी जुळतोय का?