तिथीचें घड्याळ आणि ओहोटीचें शेत

पंचांग आपल्या प्रत्येक घरांत असतें. देवघराशेजारच्या खुंटीवर अथवा फडताळांत त्याची जागा ठरलेली असते. एकादशी केव्हां, संकष्टीचा चंद्रोदय किती वाजतां, श्राद्धतिथि कोणत्या दिवशीं धरावयाची, एवढ्यापुरतें तें उघडलें जातें आणि पुन्हां जागच्या जागीं ठेवलें जातें. परंतु तिथि चुकली तर ज्यांची त्या दिवसाची चूल पेटणें कठीण, असे लोक आपल्याच महाराष्ट्रांत, डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर, पिढ्यान्पिढ्या राहत आले आहेत. कार्तिकापासून माघापर्यंतच्या थंडीच्या दिवसांत हे कोळी बंधुभगिनी उथळ पाण्यांत व ओहोटीनें उघड्या पडलेल्या चिखलाटींत मासळी कशी धरतात, आणि त्यांत तिथीचें काय काम, तें आज वाचकांस सांगण्याचा आमचा विचार आहे.

खानदेशांत समुद्र नाहीं, आणि या मासिकाच्या पुष्कळशा वाचकांच्या स्वयंपाकघरांत मासळीचा प्रवेश नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि जें आपण खात नाहीं तें जाणूंहि नये, असा नियम कोणत्याहि शास्त्रांत नाहीं. शिवाय आपली तापी चांगदेवापाशीं पूर्णेस पोटांत घेऊन, जळगांव, धुळें व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून वाहत जाऊन, अखेर सुरतेजवळ समुद्रासच मिळते. आणि तिथीची विद्या तर आपल्या घरचीच आहे.

प्रथम भरतीओहोटीचें गणित पाहूं. तिथि म्हणजे सूर्य व चंद्र यांच्यामधील बारा अंशांचें अंतर, हें ज्योतिषाशीं तोंडओळख असणारांस ठाऊक आहे. पृथ्वी स्वतःभोंवतीं २४ तासांत ३६० अंश फिरते. अर्थात् बारा अंश फिरण्यास तिला ४८ मिनिटें लागतात. म्हणून चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षां सुमारें तेवढ्याच उशिरानें डोक्यावर येतो. आणि समुद्राचें पाणी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणानें चढत असल्यामुळें भरतीचीहि वेळ रोज तितकीच पुढें जाते. चंद्राच्या बाजूस जसें पाणी चढतें तसेंच पृथ्वीच्या पलीकडच्या अंगासहि चढतें. त्यामुळें भरती दिवसांतून दोनदां येते, व दोन भरत्यांमध्यें सुमारें साडेबारा तास जातात.

मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर अमावास्येस व पौर्णिमेस, दुपारीं व मध्यरात्रीं बाराच्या सुमारास, पूर्ण भरती असते. तेथून पुढें किनाऱ्यावरील लोकांचा हिशेब असा: पक्ष शुक्ल असो वा कृष्ण, जी तिथि असेल तिची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल तितक्या वाजतां भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. आमच्या पिढीनें शाळेंत पावकी, निमकी व पाउणकी घोकल्या. त्यांतील पाउणकी येथें अशी कामास येते. पाऊणपटीनें दर तिथीस ४५ मिनिटें धरलीं जातात, म्हणजे तीन मिनिटें कमी. त्यामुळें पौर्णिमेस उत्तर सव्वाअकरा येतें. ज्यास अधिक काटेकोर हिशेब हवा असेल त्यानें तिथीस चारांनीं गुणून पांचांनीं भागावें, म्हणजे पौर्णिमेस बरोबर बारा येतात. भरतीनंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. खाडीच्या आंत जावें तसतशी ही वेळ उशिराची होत जाते, व तो फरक त्या त्या गांवच्या लोकांस ठाऊक असतो.

वेळेइतकेंच महत्त्व पाण्याच्या चढउतारास आहे. अमावास्येस व पौर्णिमेस सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेंत येऊन दोघांची ओढ एकवटते; तें उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांच्या दिशा काटकोनांत येऊन एकाची ओढ दुसऱ्याच्या ओढीस मारते, तो भांग. उधाणाचा खरा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांनीं दिसतो. मुंबईकडे मोठ्या उधाणांत पाणी चार-साडेचार मीटर चढतें व उतरतें. दक्षिणेस मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. तर उत्तरेस खंबायतचें आखात निमुळतें व उथळ असल्यामुळें त्याच्या टोकाशीं हाच चढउतार दहा मीटरांच्याहि वर जातो. संस्कृतांत 'वेला' या एकाच शब्दाचे काळ, भरती व किनारा असे तिन्ही अर्थ आहेत, आणि आपला 'वेळ' शब्द त्याच्यापासूनच आला आहे. कोळ्याच्या व्यवहारांत हे तिन्ही अर्थ आजहि एकमेकांपासून वेगळे झालेले नाहींत.

आतां हेंच गणित थंडींत कसें चालतें तें पाहूं. पावसाळ्यांत दर्या खवळलेला असतो व नद्यांच्या गाळानें किनाऱ्याचें पाणी गढूळ असतें. दिवाळीच्या सुमारास वारा फिरतो. उत्तरेकडचा कोरडा वारा वाहूं लागतो, लाटा मंदावतात आणि पाणी निवळतें. द्वितीया-तृतीयेस पाउणकीप्रमाणें भरती दुपारीं दीड ते सव्वादोनला. म्हणजे सकाळीं साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान पूर्ण ओहोटी, आणि तीहि उधाणाची, दूरवर तळ उघडा पाडणारी. अशा सकाळीं कोळणी टोपल्या घेऊन खडकांकडे व खाजणाकडे निघतात. खडकांस चिकटलेलीं कालवें लहानशा लोखंडी हत्यारानें फोडून त्यांतील मांस काढावयाचें. वाळूमिश्रित चिखलांतून तिसऱ्या हातानें चाचपून काढावयाच्या. बिळांतून निवट्या व चिंबोऱ्या धरावयाच्या. चिखलांत गुडघाभर पाय रुततो, शिंपल्यांच्या धारेनें तळवे कापतात, आणि पाणी फिरण्यापूर्वीं परतावें लागतें. जवळ नांव नाहीं, भांडवल नाहीं, अशा बाईसहि ज्यावर कुटुंब चालवितां येतें, असें हें शेत आहे. त्यास सातबारा मात्र नाहीं.

पुरुषमंडळी उथळ पाण्यांत पाग फेंकतात. खाडींत बोक्शी नांवाचीं लहान पिशवीसारखीं जाळीं प्रवाहाच्या तोंडास लावतात. कोठें ओहोटीच्या वेळीं चिखलांत खुंट रोवून त्यांवर लांब जाळें लावून ठेवतात. भरतीबरोबर मासळी आंत येते आणि ओहोटीबरोबर परततांना अडकते. मुंबई-पालघरकडे पाण्याचा ओढा मोठा, म्हणून तेथें जाळें एका जागीं बांधून प्रवाहाकडून काम करवून घेण्याची 'डोल' प्रसिद्ध. मालवण-वेंगुर्ल्याकडे ओढा लहान व पुळणी लांब. म्हणून तेथें नांवेनें अर्धवर्तुळांत जाळें टाकून दोन्ही टोकांनीं माणसांनीं किनाऱ्यावर ओढावयाची 'रापण'. रापणीस ज्यानें हात लावला त्यास वांटा मिळावा, ही तिची रीत. एकाच समुद्राच्या दोन अंगांनीं दोन निराळ्या चाली कशा घडविल्या, याचें हें उत्तम उदाहरण होय.

डोलींत थंडीच्या हंगामांत बोंबील येतो. त्याच्या अंगांत दहांतील जवळजवळ नऊ भाग पाणीच असतें; त्यामुळें तो लवकर नासतो. म्हणून वेसावें, अर्नाळा इत्यादि गांवीं बांबूंच्या वलांडीवर दोर ताणून, दोन दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते उत्तरेच्या वाऱ्यावर वाळत घालतात. हा कोरडा वारा व उन्ह नसतें तर समुद्रापासून दूर राहणाऱ्यांस ही मासळी ठाऊकहि झाली नसती. आपल्या खानदेशच्या आठवडे बाजारांत सुकट व सुके बोंबील यांचे ढीग घेऊन बसलेल्या बाया आपण पाहतों. गोरगरिबांच्या भाकरीबरोबरचें तें कोरड्यास त्या वलांडीवरूनच आलेलें असतें.

हें शेत पिकतें कशानें? नद्यांनीं आणलेला गाळ, त्यांत रुजलेलीं तिवरांचीं झाडें, त्यांचा पडून कुजलेला पाला, आणि त्यावर वाढणारी जवळा-करंदीसारखी बारीक जीवसृष्टि. खोल समुद्रांतील पुष्कळ मासळीचें बाळपणहि याच उथळ पाण्यांत जातें. थंडींत हजारों पक्षी दूरदेशांहून येथें उतरतात. ठाण्याच्या खाडीस याच कारणास्तव २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालें व २०२२ सालीं तिचा रामसर यादींत समावेश झाला. तापीनेंहि आपल्या शेतांतील काळी माती युगानुयुगें नेऊन असेंच शेत सुरतेपुढें घातलें. १९७२ सालीं उकाईचें धरण पूर्ण झाल्यापासून तिच्यांतील बराच गाळ मात्र धरणांतच राहतो.

या शेतापुढें आज मोठा प्रश्न उभा आहे. डहाणूजवळ वाढवण येथें बंदर बांधण्यास तेथील पर्यावरण संरक्षण प्राधिकरणानें १९९८ सालीं नकार दिला होता; त्याच प्राधिकरणानें २०२३ सालीं अटी घालून परवानगी दिली. जून २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळून ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पायाभरणी झाली. यासाठीं १,४०० हेक्टरांहून अधिक जागा समुद्रांत भराव घालून करावयाची आहे. बंदरानें व्यापार वाढेल. आपल्या जळगांवच्या केळ्यांस व कापसासहि कदाचित् जवळची वाट मिळेल. हा लाभ आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. परंतु शेतकऱ्याची जमीन घेतांना निदान सातबाऱ्यावरील नांव वाचलें जातें व मोबदल्याची भाषा होते. ज्या कोळणीचें शेत सहा तास पाण्याखालीं व सहा तास पाण्यावर असतें, तिचें नांव कोणत्या कागदांत शोधावयाचें? नुकसान मोजतांना नांवांची व जाळ्यांची गणती होते. चिखलांत पायीं जाणाऱ्या बाईची गणती सहज सुटते. कापसाचा भाव पडला असतां आपलें म्हणणें कोणी ऐकावें असें ज्यांस वाटतें, त्या आम्हां खानदेशवासीयांनीं तरी हें दुःख परकें मानूं नये.

वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. पुढील अमावास्येपासून घरांतील मुलांकडून पंधरा दिवस रोजची तिथि पाहवून भरतीची वेळ काढवावी, आणि वर्तमानपत्रांत छापलेल्या मुंबईच्या भरतीच्या वेळेशीं ती ताडून पाहवावी. एका अभ्यासांत पंचांग, भूगोल व पाउणकी तिन्ही होतील. नाताळच्या सुटींत किनाऱ्यावर जाणें झाल्यास ओहोटीच्या वेळीं जावें, पाणी फिरण्यापूर्वीं परतावें, आणि तेथें एखादी वृद्ध कोळीण भेटल्यास तिला, "आजी, आज भरती केव्हां?" असें नम्रपणें विचारावें. ती बहुधा तिथीवरूनच उत्तर देईल. तें उत्तर आपल्या पंचांगाशीं जुळलेलें मुलांनीं पाहिलें, म्हणजे विद्या कोठें कोठें राहते, हें त्यांस निराळें शिकवावें लागणार नाहीं.