श्वास मोजता मोजता सुचलेली गाणी

दुःख बोलून टाकले की मन हलके होते, असे आपल्याकडे सहज सांगितले जाते. सल्ला चुकीचा नाही. पण ज्याच्यावर संकट कोसळले आहे त्याला बोलायला शब्द सापडतीलच असे नाही. शिवाय बोलायचे कोणापाशी? रात्रंदिवस शुश्रूषा करणाऱ्या आईवडिलांपाशी बोलावे, तर त्यांचेच डोळे भरून येतात आणि रुग्णालाच त्यांची समजूत काढावी लागते. माझ्या मुलाने या कोंडीतून आपली वाट काढली. तो गाणी रचू लागला. गेली चार वर्षे मी ती ऐकत आले आहे. त्या गाण्यांनी त्याला काय दिले आणि काय दिले नाही, हे माझ्यासारख्याच वडीलधाऱ्या आणि शुश्रूषा करणाऱ्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

वयाच्या २९ व्या वर्षी दुचाकीच्या अपघातात त्याच्या मज्जारज्जूला छातीच्या पातळीवर इजा झाली. त्याखालच्या शरीराची हालचाल गेली, संवेदनाही गेली. अशा दुखापतीत केवळ पाय जातात असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बरगड्यांमधले आणि पोटाचे स्नायूही दुबळे होतात, खोकल्यात जोर राहत नाही, कफ साचू लागतो. संवेदना नसल्यामुळे एकाच कुशीवर पडून राहिल्यास शय्याव्रण होतात. म्हणून पहिल्या काही महिन्यांत दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलून द्यावी लागते. घरातले गजराचे घड्याळ तेव्हा आमचे खरे यजमान झाले होते.

श्वासाच्या व्यायामासाठी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने त्याला एक साधी गोष्ट शिकवली होती. खोल श्वास घ्यायचा आणि सोडताना मोठ्याने आकडे मोजायचे. सहाच्या पुढे जाताना त्याला धाप लागे. काही आठवड्यांनी त्याला आकड्यांचा कंटाळा आला आणि त्यांच्या जागी तो शब्द घालू लागला. छतावरचा पंखा, खिडकीतला गुलमोहर, औषधांची पिशवी, जे डोळ्यांसमोर असेल ते. एका श्वासात मावेल तेवढीच ओळ. हळूहळू ओळींना यमक आले, मग चाल आली. अपघातापूर्वी तो एका कचेरीत नकाशे काढत असे. गाण्याशी त्याचा संबंध गणपतीच्या आरतीपुरताच होता.

जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपले जुने लोक म्हणत. त्या म्हणीचा एक अर्थ मला त्या दिवसांत उमगला. जात्याच्या फेऱ्यांनी बाईच्या श्वासाला लय दिली आणि त्या लयीत, समोरासमोर कधी बोलता आले नसते ते ती बोलून गेली. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेले मूल, पंढरीचा विठोबा, सारे त्यात आले. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढ्या बायकांनी एवढे गायले, ते केवळ करमणुकीसाठी असेल असे वाटत नाही.

बहिणाबाई चौधरी तिशीत विधवा झाल्या. अक्षरओळख नसलेल्या या बाई शेतात राबताना, घरकाम करताना गाणी रचत. त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव यांनी ती ऐकली, आणि घरच्यांनी टिपून ठेवलेली ती गाणी त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. तिथे रचणारी आई होती आणि ऐकणारा मुलगा. आमच्या घरी भूमिकांची अदलाबदल झाली, इतकेच. त्याच्या गाण्यांची योग्यता बहिणाबाईंच्या जवळपासही नाही. पण ऐकणारे कोणी असल्यावाचून अशी गाणी टिकत नाहीत, हे दोन्ही ठिकाणी खरे आहे.

आधुनिक संशोधनाचाही या अनुभवाला आधार आहे. जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये सहकाऱ्यासह एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे लिहायला सांगितले होते. ज्यांनी आयुष्यातील मोठ्या आघाताविषयी, घटना आणि भावना दोन्ही धरून लिहिले, त्यांना पुढील महिन्यांत आरोग्यकेंद्राची पायरी कमी वेळा चढावी लागली. मात्र लिहून झाल्याबरोबर हेच विद्यार्थी अधिक खिन्न झालेले आढळले होते. ही दुसरी बाब घरच्यांनी ध्यानात ठेवावी. एखादे जड गाणे पुरे झाले की माझा मुलगा त्या संध्याकाळी गप्प असतो. मी त्याला छेडत नाही. दुसऱ्या दिवशी तो आपणहून चहा मागतो.

ऑस्ट्रेलियातील संगीतोपचार-अभ्यासक फेलिसिटी बेकर यांनी मेंदूला किंवा मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांसोबत गीतरचनेचा उपचार म्हणून दीर्घकाळ अभ्यास केला आहे. रोजनिशी आणि गाणे यांत मला एक फरक जाणवतो. रोजनिशीतले दुःख उद्याच्या पानावर वाहत जाते. गाण्याला मात्र शेवट करावा लागतो. कोणता शब्द ठेवायचा, कोणता गाळायचा, हे रचणाऱ्याला ठरवावे लागते. जेवणाची, अंघोळीची, कुशीवर वळण्याचीही वेळ ज्याच्या हाती राहिली नव्हती, त्याला एखादा शब्द बदलण्याची मुभा फार मोलाची वाटली.

ऐकणाऱ्यांविषयी मात्र थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण खरी कसोटी आपलीच असते. त्याच्या एका गाण्यात रात्री दोन वाजता गजर होतो आणि आई येते. तिला झोप आली आहे हे मुलाला कळते, त्याला अवघडल्यासारखे होते हे आईला कळते, आणि दोघेही काही बोलत नाहीत. शेवटी मुलाला तिच्या येण्याचा राग येतो. हे गाणे त्याने मला पहिल्यांदा ऐकवले तेव्हा घशाशी आवंढा आला. मी एवढेच विचारले, ‘तिसऱ्या कडव्यात चाल बदललीस का?’ तो उत्साहाने समजावून सांगू लागला. त्या रागात मायेची उणीव नव्हती. प्रौढ वयात दुसऱ्याच्या हातांवर अवलंबून राहण्याचा तो राग होता, आणि तो गाण्यात आला म्हणून आमच्या बोलण्यात उतरला नाही.

नातेवाइकांना ही गाणी रुचत नसत. ‘काहीतरी उमेदीचे रच,’ असा प्रेमळ आग्रह होई. उमेद मागून मिळत नाही. ज्याला हसरे गाणे रचण्याची सक्ती होते, त्याला आपले दुःख पुन्हा लपवावे लागते. त्याचे पहिले विनोदी गाणे दुसऱ्या वर्षी आले. चाकाच्या खुर्चीला वाट न देणाऱ्या आमच्या इमारतीच्या पायऱ्यांवर. ते कोणी सांगून आले नव्हते.

एक गाणे मात्र मी केवळ गाणे म्हणून ऐकले नाही. त्यात मरणाची इच्छा होती. मी पेटी बाजूला ठेवायला सांगून त्याला सरळ विचारले, ‘जीव द्यावा असे तुझ्या मनात येते का?’ असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे, असे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. उलट विचारल्याने माणूस बोलता होतो. तो बोलला. त्याच आठवड्यात आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो आणि काही महिने औषधे व समुपदेशन चालले. गाणे हे औषधाला पर्याय नाही. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, निरवानिरवीची भाषा, यांपैकी काही दिसल्यास वाट पाहू नये. केंद्र शासनाच्या ‘टेली-मानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. शुश्रूषा करून थकलेल्या आईवडिलांनीही तो स्वतःसाठी फिरवण्यात संकोच मानू नये.

ज्यांच्या घरी असा कोणी आहे त्यांना मी इतकेच सुचवीन. वही, पेन, आवाज ध्वनिमुद्रित करणारा भ्रमणध्वनी, एवढे साहित्य पुरते. न विचारता वही उघडू नये. न विचारता ते गाणे पाहुण्यांपुढे म्हणायला लावू नये. ऐकवले तर शेवटपर्यंत ऐकावे आणि अर्थ विचारण्याआधी शब्दाविषयी, चालीविषयी बोलावे. त्यामुळे तो त्या वेळेपुरता रुग्ण राहत नाही, रचनाकार होतो.

त्याच्या पायांत बळ आलेले नाही. ते येईल असे डॉक्टरांनी कधी सांगितलेही नव्हते. श्वास मात्र सुधारला आहे. धाप न लागता तो आता लांबलचक ओळ म्हणतो. घरी बसून तो पुन्हा नकाशे काढतो, आणि कामाच्या गर्दीत कधी दोन-दोन महिने गाणे होत नाही. त्याची मला चिंता वाटत नाही. गेल्या पंधरवड्यात त्याने स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची आणून विचारले, ‘आई, दळण संपत आल्यावर जात्याचा आवाज कसा होतो, त्याला काही शब्द आहे का?’ माझ्या आजीकडे तो शब्द नक्की असणार. मी अजून आठवते आहे.