बेनीसिंग
बेनीसिंग : (मृत्यू १५ डिसेंबर १८०३). नागपूरकर भोसल्यांच्या कवायती पायदळाचा सेनानी. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात वऱ्हाडातील गाविलगड (जि. अमरावती) लढविताना तो धारातीर्थी पडला.

असईच्या लढाईनंतर (२३ सप्टेंबर १८०३) आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजा वऱ्हाडात शिरल्या. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव व सिरसोली यांदरम्यानच्या मैदानात दुसऱ्या रघूजी भोसल्यांचा बंधू व्यंकोजी (मन्याबापू) याच्या सैन्याशी त्यांची गाठ पडली. भोसल्यांच्या तोफखान्याच्या माऱ्यापुढे इंग्रजांच्या तीन देशी पलटणी प्रारंभी उधळल्या; तथापि वेलस्लीने त्या स्वतः सावरून पुन्हा उभ्या केल्या. सायंकाळपर्यंत मराठ्यांचा पराभव होऊन त्यांच्या ३८ तोफा शत्रूच्या हाती पडल्या. या रणांगणातून निसटलेल्या कवायती पायदळाचा मोठा भाग घेऊन बेनीसिंग गाविलगडाच्या आश्रयास गेला. तेथील रजपूत शिबंदी त्याला मिळाली. त्याच्या शिपायांजवळ कंपनीच्या बनावटीच्या बंदुका व संगिनी होत्या.

गाविलगड सातपुड्याच्या रांगेत, चिखलदऱ्यानजीक आहे. दक्षिणेकडे तुटलेले कडे असून आतील किल्ला त्या बाजूस आहे. उत्तर व वायव्य दिशांना बाहेरील किल्ल्याचे संरक्षण आहे. उत्तरेकडील लबाडा गावाच्या बाजूनेच तोफा भिडविणे शक्य असल्याने कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून वाट तयार करीत अवजड तोफा हातांनी ओढून तेथवर नेल्या. १३ डिसेंबरला मारा सुरू झाला व दुसऱ्या रात्रीपर्यंत बाहेरील तटाला भगदाडे पडली.

१५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास लेफ्टनंट कर्नल केनीच्या नेतृत्वाखाली हल्ला झाला. दक्षिण व वायव्य दरवाजांकडेही इंग्रजांनी तुकड्या पाठविल्या. वायव्येच्या वाटेने निसटू पाहणारी शिबंदी तेथील तुकडीच्या तोंडी सापडली. बाहेरील किल्ला पडला, तरी आतील तट अभंग होता. दोन्ही किल्ल्यांमधील दरवाजा फोडण्याचे इंग्रजांचे प्रयत्न निष्फळ ठरले. अखेर ९४ व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्बेलने हलक्या पायदळासह एके ठिकाणी शिड्या लावून तट ओलांडला आणि आतून दरवाजा उघडला. त्यानंतर किल्ला लवकरच पडला. दरवाजाजवळील प्रेतांच्या राशीत बेनीसिंग व किल्लेदार यांचे मृतदेह आढळले. संपूर्ण वेढ्यात इंग्रजांचे सुमारे सव्वाशे लोक ठार व जखमी झाले. किल्ल्यातील प्राणहानी त्याहून कितीतरी अधिक होती.

लढाईनंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर रोजी, देवगावचा तह झाला. त्यान्वये कटक प्रांत व वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांना सोडावा लागला. परंतु गाविलगड व नरनाळा हे किल्ले त्यांच्याकडे राहिले. म्हणजे ज्या गडासाठी बेनीसिंग पडला, तो तहात त्याच्या धन्याकडेच परत आला.

बेनीसिंगाच्या पराक्रमाची नोंद विजेत्यांच्या खलित्यांत आहे, हे विशेष होय. त्यांतून त्याचे एक वैशिष्ट्य स्पष्ट होते : अडगावला उधळलेले पायदळ सोळाच दिवसांनी त्याने पुन्हा लढण्यास उभे केले. सेनानीचे शौर्य केवळ चढाईत प्रकट होते असे नाही. पराभूत सैन्यास एकत्र ठेवून अखेरपर्यंत त्याच्या अग्रभागी राहण्यातही ते दिसून येते. या दृष्टीने वऱ्हाडच्या लष्करी इतिहासात बेनीसिंगाचे स्थान महत्त्वाचे आहे.